भिंतीकडची रांग

१२ जून, गुरुवार

तणनाशक सापडलं. भिंतीकडच्या लिंबांच्या रांगेतल्या मातीत, अकरापैकी नऊ नमुन्यांत. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी विद्यापीठात मातीचा अभ्यास करणाऱ्या एर्सिलियाने तेच सांगितलं. दोन ठिकाणांहून खातरी झाली, म्हणजे बातमी पक्की. सव्वीस वर्षं कातानियाच्या वर्तमानपत्रात शेतीचं पान सांभाळलं. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी ती सवय जात नाही.

सेंद्रियचं प्रमाणपत्र आजपासून स्थगित. सुनावणी सप्टेंबरमध्ये, पाणीपंचायतीच्या सभागृहात.

पंधरा वर्षांत या बागेत रसायनाचा एक थेंब पडलेला नाही. कोणी टाकलं हे विचारायला एर्सिलियाची प्रयोगशाळा नको. भिंत कमरेएवढी आहे. भिंतीपलीकडे माझा दीर आहे — ओरात्सियो. पाठीवर पंप बांधून फिरतो, तण दिसलं की फवारतो, झाड पिवळं दिसलं की खताची गोणी फोडतो.

बास्तियानोला जाऊन पाच महिने झाले नाहीत. भावाच्या विधवेची बाग घशात घालायची एवढी घाई!

दहा तारखेपासून लिंबांचं पाणी तोडलं आहे, दर उन्हाळ्यासारखं, झाडं पुन्हा फुलावीत म्हणून. सगळ्यांनीच तोडलंय. झाडं तहानेला लागली. मीही.

१३ जून, शुक्रवार

संत अंतोनियोचा दिवस. पाणीपंचायतीच्या हौदावर चिठ्ठ्या — चिठ्ठ्या कसल्या, कोंचेत्तोच्या टोपीतल्या शेंगांच्या बिया. सहा बागा, सहा बिया, पाच पांढऱ्या, एक काळी. काळी ज्याच्या हातात येईल तो या उन्हाळ्याचा पाळकरी. पाणी सोडायची वेळ आली की कोणाची पाळी कधी, हे तोच ठरवतो. त्याच्या यादीवर कोणी वाद घालायचा नाही.

मूठ उघडली. काळी!

कोंचेत्तो म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं मी या हौदाची दारं उघडतोय. बाईमाणसाच्या हातात काळी बी पहिल्यांदाच."

ओरात्सियो समोरच उभा होता. म्हणाला, "बरं झालं. वहिनींना लिहायची सवय आहे. यादी तरी सुवाच्य मिळेल."

हसले सगळे. मीही हसले. सुवाच्य अक्षरात तुझं नाव सगळ्यात खाली लिहीन, दीरोबा.

१५ जून, रविवार

दर रविवारसारखी ड्रमची पातळी मोजली. होती तेवढीच. काठी धुऊन ठेवली.

हा ड्रम माझा. एर्सिलियाने तीन वर्षांपूर्वी आमच्या सगळ्यात जुन्या लिंबाच्या मुळांवरून जिवाणू काढले, वाढवले, बाटलीत भरून दिले. मी त्यांना मळी आणि कंपोस्टचं पाणी घालून ड्रममध्ये वाढवते. शेवटचे चार तांबे ठेवायचे, त्यावर पुढचा ड्रम — विरजणच ते. एर्सिलियाला दोन्ही बागांची तुलना करायची आहे: एकाच बापाची बाग, मधोमध भिंत, एकीकडे सेंद्रिय, दुसरीकडे रसायनं. मुळांशी कोण राहतं, किती राहतं. ओरात्सियोने तिला मातीचे नमुने घेऊ दिले, पण ड्रमची टिंगल केल्याशिवाय नाही. "वहिनींचा रस्सा," म्हणाला. "झाडांना पाव पण बुडवून देता का?"

सणाच्या जेवणात, आचिरेआलेच्या सगळ्या नातेवाइकांसमोर. बास्तियानो ताटाकडे बघत राहिला.

एकतीस वर्षांपूर्वी वाटणीच्या दिवशी — मी तेव्हा वर्तमानपत्रात नवीनच होते, शेतीचं पान नंतर मिळालं — हाच म्हणाला होता, "वर्तमानपत्रवालीला बाग द्यायची म्हणजे लिंबं छापून येणार का?" त्या दिवसापासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं मी बास्तियानोला सांगितलं. त्याने मान हलवली. वाद घालणारा माणूसच नव्हता तो.

२२ जून, रविवार

ड्रम तेवढाच.

नियमांचं पुस्तक वाचलं. पाणीपंचायतीचं, १९५४ चं. कलम एकोणीस: शेजाऱ्याच्या बागेला जाणूनबुजून इजा करणाऱ्याचं नाव हौदाच्या यादीतून कायमचं कमी होईल.

कायमचं!

हौदाशिवाय या उतारावर लिंबू जगत नाही. खाली लाव्हाचा काळा दगड, वर ऊन. सुनावणीत त्याच्यावर सिद्ध झालं तर माझं प्रमाणपत्र परत आणि त्याचं पाणी बंद. माझ्याच हाताने झालं, किंवा माझ्या घरातल्या कोणाच्या संमतीने झालं असं निघालं, तर माझं प्रमाणपत्र रद्द आणि त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. पण तसं कसं निघेल?

कलम एकोणीस दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नुसती चव घ्यायला.

३ जुलै

ज्वालामुखीच्या डोंगराने राख टाकली. पानं काळी. झाडून झाडून हात दुखले. पलीकडे सरीनाही झाडू घेऊन झाडांखाली उभी होती — ओरात्सियोची बायको, माझी जाऊ. तिने हात वर केला. मी केला नाही.

८ जुलै, मंगळवार

तक्रार लिहायला घेतली. चौथा मसुदा. पहिल्या वाक्यात ताजी गोष्ट, मग कोणी सांगितली, मग पार्श्वभूमी. विशेषणं काढली. "नीच" काढलं. "नीच" परत घातलं. परत काढलं.

भिंतीकडच्या रांगेचे फोटो काढले. बागेतली सगळ्यात स्वच्छ रांग. गवताची काडी नाही. बास्तियानोची लाडकी रांग होती ती, वडिलांनी लावलेली झाडं. तो म्हणायचा, बाकी बाग राहू दे, ही मी खुरपतो. त्याचे गुडघे गेल्यावरही ती तशीच स्वच्छ असायची. कोंचेत्तो आमच्या बागेत खुरपायलाही येतो; एप्रिलमध्ये मी त्याला म्हटलं होतं, ही रांग तुम्ही छान ठेवलीत हो. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. लाजतो बिचारा.

आता कळतं ती इतकी स्वच्छ का! पलीकडून फवारा येत होता!

१८ जुलै, शुक्रवार

यादी हौदाच्या दारावर लावली. बागेला तीन दिवस. वीस तारखेपासून माझी पाळी, मग चौघे. ओरात्सियो सहावा, चार ऑगस्टपासून.

पण दोन पाळ्यांच्या मध्ये हौद साफ करायचाही अधिकार पाळकऱ्याचा. पाचवी पाळी झाल्यावर आठ दिवस सफाई लिहिली. म्हणजे त्याची पाळी बारा ऑगस्टला. दहा जूनपासून त्रेसष्ट दिवस. इथे चाळीस-पंचेचाळीस दिवसांची तहान देतात. तेवढी दिली की झाड हादरतं, पाणी मिळताच ऑगस्टअखेर फुलतं आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात कोणाकडेच लिंबू नसतं तेव्हा, हिरवं लिंबू देतं. त्रेसष्ट दिवस दिली तर झाड फुलत नाही. सरपण होतं.

कोंचेत्तोने यादी वाचली. बराच वेळ वाचली, सहाच ओळी होत्या.

"आठ दिवस सफाई? बाई, हौदात एवढा गाळ नाही."

"पाळकरी कोण?"

"तुम्ही."

"मग गाळ आहे."

२० जुलै, रविवार

माझ्या बागेत पाणी! पाटातून खळाळत आलं, आळी भरली. चाळीस दिवस मोजून.

कोंचेत्तो दार उघडायला तयार नव्हता. "पहाटे पानं बघितलीत का? उघडीच आहेत अजून. पहाटेच्या गारव्यातही पान वळलेलं राहिलं की तहान पुरी. थोडं थांबा, तुमच्या झाडांना अजून लागलेली नाही. दुसऱ्याला पुढे घ्या."

मी दुसऱ्याला पुढे घेणार? माझी पाळी हलली तर सगळी यादी हलते, आणि मग सहावा माणूस पुढे सरकतो. म्हटलं, चाळीस म्हणजे चाळीस. माझ्या सासऱ्यांनीही चाळीसच मोजले.

"ते पानंही बघायचे," तो म्हणाला आणि दार उचललं.

ड्रम तेवढाच.

२६ जुलै, शनिवार

माझ्या नावाच्या संतिणीचा, संत वेनेराचा दिवस. चौकात बँड, ग्रानिताचा गोड बर्फ, ब्रेड. सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या. ओरात्सियोनेही, लांबून, टोपीला हात लावून. याला लाज म्हणून काही नाही.

आफ्रिकेकडचा वारा सुटला आहे. दारं बंद करून बसले. वाऱ्या, अजून वाहा!

३१ जुलै

एक जुनी रीत आहे, लिहून ठेवते. यादी कशीही असो, ज्याच्या झाडाची पानं पहाटे वळलेली राहतात त्याने ती फांदी तोडून पाळकऱ्याच्या दारात यायचं. काही बोलायचं नाही. फांदी पुढे करायची. मग पाळकऱ्याला त्याच दिवशी पाणी द्यावंच लागतं. नाही म्हणता येत नाही.

मी रोज पहाटे भिंतीशी जाते आणि त्याची पानं बघते. सपाट. उघडी. अजून नाही वळली.

वळतील. मग येईल तो, हातात फांदी घेऊन, टोपी काढून. नाही म्हणता येत नाही, पण घरी नसता येतं! मेसिनाला बहिणीकडे जायचं, दोन दिवस. दाराला कुलूप. पाळकरी जागेवर नाही, पाणी नाही. फांदी धरून उभा राहा म्हणावं बंद दारासमोर. वहिनींचा रस्सा आठव म्हणावं.

बहिणीला फोन करून ठेवला. पिशवी भरून दाराशी ठेवली.

२ ऑगस्ट

पानं सपाट.

४ ऑगस्ट, सोमवार

आज त्रेपन्न… नाही, पंचावन्न दिवस. सपाट! खालच्या चौघांच्या बागा त्रेचाळीसाव्या दिवसापासूनच वळायला लागल्या होत्या. मीच बघितल्या. हा रसायनवाला, याच्या मातीत गांडूळ नाही, आणि याची झाडं ताठ उभी!

चोरून पाणी देतोय का? कोंचेत्तोला विचारलं. म्हणाला, "पाट बघा ना जाऊन. धूळ आहे. सरडा पण तिथून पाय उचलून चालतो."

गेले. बघितलं. धूळच.

मग काय?

६ ऑगस्ट

मेसिनाची पिशवी तशीच. बहीण विचारते येतेस की नाही. म्हटलं, काम आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

आज पहाटे वळली! साठाव्या दिवशी. सुरळी होते तशी, कडा आत. भिंतीवर वाकून हाताने चाचपली. कोरडी, कडक.

घरी आले, कॉफी टाकली, पिशवी उचलली, गेलेच नाही. खिडकीत बसून राहिले. येताना तर बघू दे. तोंड तर बघू दे. एकतीस वर्षं वाट बघितली, निघून गेले तर बघणार कोण?

आला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आला नाही. ड्रम तेवढाच.

११ ऑगस्ट

आला नाही! पानं वळलेली, दोन-चार पिवळी पडलेली, आणि हा दारात येत नाही. कोंचेत्तोकडून निरोप: "वहिनींनी बारा तारीख लिहिली आहे, बारालाच घेऊ."

माजोरडा! झाडं मरतील, पण वाकणार नाही.

जाऊ दे. खरं सांगायचं तर आज दोनदा हौदाकडे निघाले होते. त्या झाडांतली निम्मी माझ्या सासऱ्यांच्या हातची. दोन्ही वेळा परत फिरले.

१२ ऑगस्ट

त्याची पाळी. पाणी गेलं. मी बघायला गेले नाही. आवाज ऐकला.

२५ ऑगस्ट, सोमवार

एर्सिलिया आली होती. मुळांचे नमुने तपासून झाले. निकाल सांगताना सारखी केस कानामागे सारत होती.

"काकू, तुमच्या मुळांवर आपले जिवाणू भरपूर आहेत. अपेक्षाच होती."

"आणि पलीकडे?"

"तेच आहेत."

"तसलेच?"

"तसलेच नाही. तेच. तुमच्या जुन्या झाडाचे. मी तीनदा तपासलं. तुमच्या ड्रममधले जिवाणू ओरात्सियोकाकांच्या अख्ख्या बागेत आहेत, दोन-तीन वर्षांपासून तरी. म्हणून तर झाडं साठ दिवस टिकली. तहान लागली की मूळ घाबरल्याचा निरोप वर पाठवतं, मग पान वळतं. हे जिवाणू तो निरोप मुळाशीच खाऊन टाकतात. झाडाला कळतच नाही आपल्याला तहान लागली आहे ते."

म्हणजे चोर! टिंगलही तोच करणार आणि ड्रमही तोच उपसणार! आठवलं — गेली दोन वर्षं ड्रम भराभर उतरायचा. मी बास्तियानोला म्हणायचे, एवढं कमी कसं होतं? तो म्हणायचा, उन्हाने आटतं गं. भोळा माणूस. भाऊ रात्रंदिवस लुटत होता आणि हा उन्हाला दोष देत होता.

तक्रारीला दुसरा परिच्छेद जोडला. चोरी.

३ सप्टेंबर, बुधवार

भिंतीपलीकडे जांभळट कळ्या. झुबकेच्या झुबके. वास माझ्या स्वयंपाकघरात येतोय.

अलीकडे काही नाही. नुसती पालवी, हिरवीगार, तजेलदार, वांझ.

कोंचेत्तो भिंतीवर हात टेकून उभा होता. "असा फुलोरा मी आयुष्यात बघितला नाही, बाई. पुढच्या उन्हाळ्यात या उतारावरचं हिरवं लिंबू म्हणजे ओरात्सियोचं लिंबू."

"आणि माझं?"

"तुमच्या झाडांना तहान लागलीच नव्हती. तेव्हाच सांगितलं होतं. त्यांना चाळीस पुरत नाहीत आता. त्याला मात्र तुम्ही बरोब्बर दिलीत, साठावर तीन."

मी दिली! मी माझ्या हाताने यादी लिहून त्याला या खोऱ्यातलं सगळ्यात मोठं पीक दिलं! सुवाच्य अक्षरात!

दोन बश्या फोडल्या. चांगल्यातल्या नव्हत्या.

८ सप्टेंबर

तक्रार पूर्ण. दीड पान. विशेषण एकही नाही, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येईल अशी. साक्षीदार म्हणून कोंचेत्तोची सही घ्यायची तेवढी राहिली. सुनावणी पंधराला, सोमवारी. पाणी तुटू दे. मग फुलोरा काय करेल? पाण्याविना गळेल. सगळा गळेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

सरीना दारात आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आत ये म्हटलं नाही, तीही आली नाही.

"जाऊबाई, माझा नवरा वेडा आहे."

"हे सांगायला उन्हातून आलीस?"

"तो सोमवारी भांडणार नाही. म्हणतो, मीच फवारलं, मुद्दाम फवारलं, कोणी सांगितलं नव्हतं, असं सांगणार. मी घसा कोरडा केला. ऐकत नाही." मग खाली बघून, "प्रमाणपत्र तुम्हाला मिळेलच. पण कलम एकोणीस लावू नका म्हणा पंचायतीला. तेवढं तुमच्या हातात आहे. तुम्ही तक्रारदार."

"माझ्या हातात होतं तेव्हा तो दारात आला का? फांदी घेऊन?"

"येणार होता. नऊ ऑगस्टला फांदी तोडली होती त्याने. मग ठेवून दिली. म्हणाला, वहिनींचा राग आहे, पुरा होऊ दे."

पुरा होऊ दे! उपकार करतोय माझ्यावर!

दार लावलं. मग टेबलाशी बसून मोठ्याने म्हटलं — कबुली. स्वतः आरोपीची कबुली. सव्वीस वर्षांत इतकी सोपी बातमी हातात पडली नव्हती.

१३ सप्टेंबर, शनिवार

कोंचेत्तो सही करत नाही!

त्याच्या घरी गेले. अंगणात बसून वाल सोलत होता. कागद दिला. वाचला. टोपी काढली, घातली.

"फवारा ओरात्सियोने मारला हे खरं. मी डोळ्यांनी बघितलं आहे."

"मग करा सही."

"'मुद्दाम इजा करायला' असं लिहिलंय. आणि खाली 'चोरी'. त्याच्यावर नाही करणार."

"मग कशासाठी मारला? हवेत गार वाटावं म्हणून?"

तो वालाच्या शेंगेशी बोलल्यासारखा बोलला. "बाई, ती रांग कोण खुरपायचं? बास्तियानोसाहेब? त्या गुडघ्यांनी? मी तरी नाही. मी तिकडे कधी खुरपं लावलं नाही. तुम्ही एप्रिलमध्ये माझी तारीफ केलीत तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाही. उतारावर सगळ्यांना माहीत आहे, कोणाला काही म्हणायचं नाही. तुम्ही दर रविवारी ड्रम मोजून वहीत लिहिता ना? वही बघा. ड्रम उतरायचा कधी थांबला ते बघा."

"इतकी वर्षं कोणी मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई. तुम्ही सांगत होतात."

म्हातारा झाला आहे. काहीही बोलतो. सहीशिवायही चालेल, आरोपी स्वतःच कबूल आहे. वही बघायची काही गरज नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

वही बघितली. दर रविवारी चार बोटं, पाच बोटं, चार बोटं कमी. शेवटची घट बारा जानेवारीला. चौदाला बास्तियानो हॉस्पिटलात गेला. त्यानंतर, मी झाडांना घातलेलं सोडलं तर, ड्रम एक बोटही उतरलेला नाही.

मग भिंतीकडे गेले. ड्रममागे, पावसाचं पाणी जायच्या भोकात, रबरी नळी. एक टोक माझ्या बाजूला, दुसरं ओरात्सियोच्या पाटात. निळ्या वायरने बांधलेली, दुहेरी गाठ, टोक आत खोचलेलं. अशी गाठ या घरात एकच माणूस मारायचा.

सरीना पलीकडे कपडे वाळत घालत होती. भिंतीवरूनच विचारलं. तिने हातातली चादर दोरीवर टाकली. मग म्हणाली, "रस्सा भावजींनी द्यायचा, रांग यांनी साफ करायची. असं ठरलं होतं दोघांचं. हॉस्पिटलात हात धरून म्हणाले होते — मी गेलो तरी रांग साफ ठेव, वेनेराला कळू देऊ नकोस, तिला वाटतं ती मीच खुरपतो."

दोन ठिकाणांहून खातरी झाली. तिसरी नको.

तक्रार फाडली. उद्या दहाला सुनावणी, पहिली मी बोलायची आहे. फवारा माझ्या नवऱ्याच्या सांगण्यावरून मारला, असं सांगणार. प्रमाणपत्र जाईल, तीन वर्षांसाठी; त्याचं पाणी राहील. ओरात्सियो उठून म्हणेल, वहिनी खोटं बोलतायत. ओरडेलही. मी नळी सोबत नेणार आहे, गाठीसकट.

एकतीस वर्षं या माणसाला सगळ्यांसमोर हरवायचं होतं. उद्या हरवणार.